उपचार करूनही मधपेटीत कोळी परत का येतो? पुणे परिसरातील मेलिफेरा वसाहतींसाठी समस्या निवारण

पुरंदर तालुक्यात सासवडच्या अलीकडे एका डाळिंब बागायतदाराच्या बांधावर माझ्या २२ मधपेट्या आहेत. सर्व पेट्यांत मेलिफेरा, म्हणजे आपण ज्यांना इटालियन म्हणतो त्या माश्या आहेत. या परिसरात मेलिफेरा पाळणाऱ्या मधपाळांकडून मी एकच तक्रार वारंवार ऐकत आलो आहे, आणि सलग दोन वर्षे ती माझीही होती: कोळ्यावर, म्हणजे माश्यांवर जगणाऱ्या बारीक परजीवीवर, औषध दिले, आठ-दहा दिवस तळाच्या फळीवर मेलेले कोळी दिसले, जीव भांड्यात पडला, आणि दीड महिन्याने पाहावे तर पेटीत पुन्हा तेवढेच कोळी. मग औषधाला दोष दिला जातो, मात्रा वाढवली जाते, दुसरे औषध आणले जाते, आणि या फेऱ्यात दोन-चार वसाहती हकनाक जातात.

स्वतःच्या नोंदी आणि चुका तपासल्यावर माझे असे मत झाले आहे की, बहुतेक वेळा औषध निकामी नसते. कोळ्यांचा मोठा हिस्सा अळ्यांच्या घरांवरील मेणाच्या झाकणाआड सुरक्षित असताना आपण उघड्यावरच्या थोड्या कोळ्यांना मारतो आणि काम झाले असे समजतो. पुण्याच्या हवामानात राणी वर्षभर कमी-अधिक अंडी घालत राहते, त्यामुळे झाकणाआडचा हा आसरा कधीच पूर्ण रिकामा होत नाही. थंड देशांतील मधपाळांना हिवाळ्यात पिलाव्याविना (म्हणजे अंडी, अळ्या व कोष नसलेले) काही आठवडे आयतेच मिळतात आणि ते तेव्हा उपचार उरकून घेतात. आपल्याकडे तो काळ आपोआप येत नाही. तो मधपाळाला घडवून आणावा लागतो.

आधी कोळी ओळखावा

सकाळी उन्हे पेटीच्या दारावर येण्याआधी पेटीसमोरच्या मातीवर उकिडवे बसून पाच मिनिटे नुसते पाहावे. निरोगी पेटीसमोर मेलेल्या माश्या दिसतात, पण धडपडणाऱ्या कोवळ्या माश्या सहसा दिसत नाहीत. कोळ्याने ग्रासलेल्या पेटीसमोर नुकत्याच जन्मलेल्या, फिकट लवीच्या माश्या गवताच्या काडीवर चढताना आणि पुन्हा खाली पडताना दिसतात. त्यांचे पंख ओल्या कागदाचा बोळा केल्यासारखे चुरगळलेले असतात आणि पोट आखूड असते. पंख असे चुरगळतात ते एका विषाणूमुळे, आणि हा विषाणू कोळ्यामार्फत पसरतो. अशा माश्या रोज दिसू लागल्या, तर प्रादुर्भाव बराच पुढे गेला आहे असे धरून चालावे, कारण सुरुवातीच्या काळात बाहेरून काहीच दिसत नाही.

आपल्याकडे मेलिफेराच्या पेटीत प्रामुख्याने दोन प्रकारचे परजीवी कोळी आढळतात आणि त्यांच्यात गल्लत केल्यास उपचारही चुकतो. पहिला व्हरोआ. त्याची मादी तांबूस तपकिरी, चपटी आणि खेकड्यासारखी आडवी पसरट असते. लांबी सुमारे १.१ मिलिमीटर, तर रुंदी सुमारे १.६ मिलिमीटर. ती माशीच्या पोटाच्या पट्ट्यांमध्ये खालच्या बाजूने दडून बसते, म्हणून पोळ्यावर वरून नजर टाकून ‘माझ्या पेटीत कोळी नाही’ असा निष्कर्ष कधीही काढू नये. जुन्या पुस्तिकांत याचे नाव व्हरोआ जेकबसोनी असे दिलेले असते. १९०४ साली जावा बेटावरील नमुन्यांवरून त्या जातीचे वर्णन झाले होते. मेलिफेरा माश्यांचा संहार करणारी जात निराळी आहे हे २००० साली स्पष्ट झाले आणि तिला व्हरोआ डिस्ट्रक्टर हे नाव मिळाले. हा कोळी माशीचे रक्त शोषतो असेच अनेक वर्षे मानले जात होते. तो प्रामुख्याने माशीच्या शरीरातील मेदपेशींवर जगतो, हे संशोधक सॅम्युएल रॅमसी आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली दाखवून दिले. माशीची प्रतिकारशक्ती आणि अन्नसाठा याच मेदावर अवलंबून असल्यामुळे थोड्या कोळ्यांनीही वसाहत इतकी का खचते, हे त्यावरून समजते.

दुसरा ट्रोपिलिलॅप्स. तो लांबट असतो, लांबीला एक मिलिमीटरपेक्षा कमी भरतो आणि पोळ्यावर अतिशय वेगाने पळतो. बंद घराचे झाकण सुईने उचकटले की तो एका घरातून दुसऱ्या घरात सटकताना दिसतो. व्हरोआ त्या मानाने संथ असतो. ट्रोपिलिलॅप्सची मूळ यजमान आग्या माशी आहे, आणि पुण्यात उंच इमारतींच्या सज्जांखाली, पाण्याच्या टाक्यांखाली व मोठ्या वडा-पिंपळांवर आग्याची पोळी असतात हे आपण सर्वच पाहतो. म्हणून हा कोळी पेटीत कोठून आला याचा फार शोध घेत बसू नये. तो आपल्या शेजारीच राहतो. त्याची सोंड प्रौढ माशीच्या कठीण कवचात शिरण्याजोगी नसल्यामुळे तो पिलाव्यावर, म्हणजे अळ्या आणि कोषांवरच पोसला जातो, आणि पिलावा नसेल तर फार दिवस तग धरू शकत नाही. ही त्याची दुर्बलता पुढे उपयोगी पडणार आहे.

पिलावा विस्कळीत दिसतो, झाकणांना भोके पडलेली असतात आणि अळ्या मेलेल्या असतात, एवढ्यावरून कोळी आहे असे ठरवू नये. थैली रोग व फाऊलब्रूड हे अळ्यांचे रोग, मेणकिड्याच्या अळीने पोखरलेली घरे, किंवा निव्वळ उपासमार, यांतही पोळे जवळपास तसेच दिसते. शंका असल्यास पिलाव्याचा छोटा तुकडा आणि काही माश्या नमुना म्हणून घेऊन गणेशखिंड रस्त्यावरील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत सल्ला घ्यावा. १९६२ साली स्थापन झालेली ही संस्था आपल्या शहरात आहे आणि तिचा उपयोग आपण मधपाळ पुरेसा करत नाही असे मला मनापासून वाटते.

मोजणी: अंदाज नको, आकडा हवा

पिठीसाखरेची चाचणी सर्वांत सोपी आहे आणि तिच्यात माश्या मरत नाहीत. रुंद तोंडाची काचेची बरणी घ्यावी आणि तिच्या झाकणाच्या जागी सुमारे तीन मिलिमीटर छिद्रांची जाळी घट्ट बसवावी, जेणेकरून कोळी बाहेर पडेल पण माशी पडणार नाही. पिलाव्याची, शक्यतो मोठ्या अळ्या असलेली चौकट उचलावी, तिच्यावर राणी नाही याची दोनदा खात्री करावी, आणि माश्या एका मोठ्या तसराळ्यात झटकून त्यांतील १२० मिलिलिटरचे एक माप भरून बरणीत ओताव्यात. या मापात साधारण ३०० माश्या मावतात. वर दोन मोठे चमचे पिठीसाखर टाकून बरणी हलक्या हाताने फिरवावी, दोन मिनिटे सावलीत ठेवावी आणि मग उलटी धरून एक मिनिटभर पांढऱ्या ताटात जोराने झटकावी. ताटात थोडे पाणी शिंपडले की साखर विरघळते आणि तांबूस ठिपके स्वच्छ मोजता येतात. आलेल्या आकड्याला तीनने भागले की दर शंभर माश्यांमागे किती कोळी आहेत ते कळते. साखरेने माखलेल्या माश्या पेटीच्या दाराशी सोडल्या की इतर माश्या त्यांना चाटून साफ करतात.

यात एक बारकावा आहे. बाजारातील आयसिंग शुगरमध्ये मक्याचे पीठ मिसळलेले असते, म्हणून साखर घरीच मिक्सरमध्ये दळावी. आणि पावसाळ्यात ती दमट होऊन गोळे धरते, त्यामुळे आदल्या रात्री कोमट तव्यावर कोरडी करून हवाबंद डब्यात न्यावी. माझ्या पहिल्या पावसाळ्यातील मोजण्या या एका कारणाने साफ चुकल्या होत्या. साखर माश्यांच्या अंगाला चिकटून बसली, कोळी सुटले नाहीत, ताट स्वच्छ दिसले आणि मी निर्धास्त राहिलो.

शंभर माश्यांमागे तीन किंवा अधिक कोळी निघाल्यास उपचार लांबवू नयेत. एक ते दोन निघाल्यास पंधरा दिवसांनी पुन्हा मोजावे. मोजणी सर्व पेट्यांची शक्य नसेल तर किमान दर चार पेट्यांमागे एकीची करावी, आणि त्यांत एक जोमदार पेटी अवश्य असावी. भरलेल्या, भरपूर पिलावा असलेल्या पेटीतच कोळी सर्वाधिक वाढतो. आपण मात्र स्वभावतः दुबळी पेटीच तपासतो.

ट्रोपिलिलॅप्ससाठी ही चाचणी पुरेशी नाही, कारण तो माश्यांच्या अंगावर फारसा सापडतच नाही. त्यासाठी बंद पिलाव्यातील शंभर घरे सुईने उघडून पाहावीत, किंवा माश्या झटकलेली पिलाव्याची चौकट पांढऱ्या ताटावर दोन्ही बाजूंनी ठामपणे आपटून ताटात काही पळते का ते पाहावे.

मग तो परत का येतो?

व्हरोआची मादी अळीचे घर बंद होण्याच्या थोडे आधी त्यात शिरते आणि अळीखालच्या अन्नात बुडून राहते. घरावर झाकण बसल्यावर साधारण अडीच-तीन दिवसांनी ती पहिले अंडे घालते. त्यातून नर निघतो. त्यानंतर सुमारे तीस-तीस तासांच्या अंतराने ती घालते त्या अंड्यांतून माद्या निघतात. मेलिफेरा कामकरी माशीचे घर सुमारे १२ दिवस बंद असते, नराचे सुमारे १४ ते १५ दिवस. या मुदतीत कामकरी माशीच्या घरातून एक-दोन, तर नराच्या घरातून दोन-तीन पक्व मादी कोळी बाहेर पडतात. व्हरोआ नराच्या घरांकडे अनेक पटींनी अधिक ओढला जातो तो या जादा दिवसांच्या लाभामुळेच.

आता एक सोपा हिशेब करू. समजा, पेटीत १,००० कोळी आहेत आणि पिलावा भरपूर असल्यामुळे त्यांपैकी ७०० बंद घरांत आहेत. झाकणाआड न पोहोचणारे औषध आपण दिले आणि त्याने उघड्यावरच्या ३०० पैकी ९० टक्के कोळी मारले. तळाच्या फळीवर २७० मेलेले कोळी दिसतील, आणि ते दृश्य पाहून कोणालाही समाधान वाटेल. पेटीत मात्र ७३० कोळी जिवंत आहेत. अनुकूल काळात त्यांची संख्या महिना-दीड महिन्यात दुप्पट होते. म्हणजे ‘कोळी परत आला’ असे आपण म्हणतो तेव्हा तो गेलेलाच नसतो.

दुसरे कारण उपचार अर्धवट सोडणे. फॉर्मिक ॲसिडची वाफ झाकणातून आत जाते, म्हणून ते या कामी उपयोगी आहे. परंतु त्याची मुदत पिलाव्याच्या बंद काळापेक्षा मोठी असणे आवश्यक असते. मी पहिल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ते सहा दिवस दिले आणि फळीवर कोळी पडणे थांबल्यासारखे वाटल्याने बंद केले. सात क्रमांकाच्या पेटीत उपचारापूर्वी ३०० माश्यांमागे २६ कोळी होते, उपचारानंतर ४ निघाले आणि सहा आठवड्यांनी १९. शिवाय ॲसिड कमी पडल्याने मी अर्ध्या पेट्यांना आधी आणि उरलेल्यांना तीन आठवड्यांनी उपचार केले होते. दरम्यान वाट चुकलेल्या आणि लूटमार करणाऱ्या माश्यांबरोबर कोळी इकडून तिकडे गेले. हे तिसरे कारण, आणि ते फार दुर्लक्षित आहे. कोळ्याने खचलेल्या पेटीतील मध शेजारच्या जोमदार पेटीच्या माश्या लुटून नेतात, तेव्हा त्या मधासोबत कोळीही घरी आणतात. म्हणून एका ठिकाणच्या सर्व पेट्यांना एकाच दिवशी उपचार सुरू करावेत, आणि दोन-तीन किलोमीटरच्या परिसरात दुसरे मधपाळ असतील तर त्यांच्याशी बोलून तारीख ठरवावी. परागीभवनासाठी डाळिंबाच्या किंवा कांदा बीजोत्पादनाच्या शेतांवर गेलेल्या पेट्या परत आल्यावर मोजणी झाल्याशिवाय मूळ जागी इतरांशेजारी मांडू नयेत.

त्याच ऑक्टोबरमध्ये माझ्या दोन राण्या गेल्या. दुपारचे तापमान ३२-३३ अंशांपर्यंत चढत होते आणि वाफ एकदम जोरात सुटली. विक्रेत्याने मात्रा सांगितली होती, तापमानाचा उल्लेख केला नव्हता. आणि मीही विचारले नव्हते. दिवसाचे कमाल तापमान ३० अंशांच्या आत असेल तरच फॉर्मिक ॲसिड वापरावे, हे तेव्हापासून मी कधीही विसरलो नाही.

पुण्याच्या ऋतुमानात उपचाराची जागा

एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात पारा ३८ ते ४० अंशांवर जातो, तेव्हा फॉर्मिक ॲसिडचा प्रश्नच येत नाही. ऑक्टोबर उष्ण असतो आणि त्या सुमारास मधाचा हंगामही सुरू होत असतो. हिवाळ्यात तापमान सोयीचे असते, पण मधकोठी (मध साठवण्यासाठीचा पेटीचा वरचा कप्पा) चढवलेली असताना कोणतेही औषध पेटीत जाता कामा नये. उरतात ते जुलै आणि ऑगस्ट. या काळात पुण्यात दिवसाचे तापमान साधारण २७-२८ अंश असते, फुलोरा नसल्याने मधकोठ्या उतरवलेल्या असतात आणि अन्नटंचाईमुळे पिलावा आपसूकच कमी झालेला असतो. आपल्यापैकी बहुतेक जण या दिवसांत पेट्यांना साखरेचा पाक देण्यापलीकडे काही करत नाहीत. माझ्या मते वर्षातील सर्वांत महत्त्वाचे काम नेमके याच दिवसांचे आहे.

जोमदार पेट्यांसाठी मी जो मार्ग आता कायम केला आहे तो असा. जुलैच्या पहिल्या आठवड्यात राणीला पिलाव्याच्या मधल्या चौकटीवर राणी-पिंजऱ्यात ठेवायचे. कामकरी माश्यांना आत-बाहेर करता येईल, पण राणी बाहेर पडू शकणार नाही, एवढ्या फटी असलेला पिंजरा असावा, म्हणजे तिची सेवा खंडित होत नाही. कामकरी माशी अंड्यापासून २१ दिवसांत आणि नर २४ दिवसांत बाहेर पडतो. म्हणून २४ दिवसांनी पेटीत एकही बंद घर उरत नाही आणि पेटीतील प्रत्येक व्हरोआ नाइलाजाने माश्यांच्या अंगावर, म्हणजे उघड्यावर आलेला असतो. पिलाव्याविना तग धरू न शकणारा ट्रोपिलिलॅप्स तर एवढ्या काळात जवळजवळ संपतो. त्यासाठी पिंजऱ्यातही अंडी-अळ्या वाढू देऊ नयेत. पोळ्याचा तुकडा आत येणार नाही असा छोटा पिंजराच निवडावा. सातव्या-आठव्या दिवशी पेटी उघडून माश्यांनी नव्या राणीची घरे बांधली असल्यास ती मोडावीत. हे राहून गेले तर दोन राण्यांचा गोंधळ होतो आणि चांगली राणी हातची जाते.

चोविसाव्या दिवशी राणी सोडायची आणि त्याच सायंकाळी ऑक्सॅलिक ॲसिडचा पाक द्यायचा. एक किलो साखर आणि एक लिटर पाणी या प्रमाणात केलेल्या कोमट पाकापैकी एक लिटर घेऊन त्यात ३५ ग्रॅम शुद्ध ऑक्सॅलिक ॲसिड विरघळवावे आणि सुई काढलेल्या सिरिंजने दोन चौकटींमधील माश्यांनी भरलेल्या प्रत्येक फटीत ५ मिलिलिटर सोडावे; एका पेटीला एकूण ५० मिलिलिटरपेक्षा अधिक देऊ नये. रिकाम्या फटीत ओतलेला पाक वाया जातो. हा पाक झाकणाआड पोहोचत नाही, पण त्या दिवशी झाकणाआड कोणी नसतेच, आणि हेच या सर्व खटाटोपाचे फळ आहे. राणी सोडल्यावर नवी घरे बंद व्हायला आठ-नऊ दिवस लागतात, त्यामुळे पावसाने एखादा दिवस हुकला तरी आठवड्याच्या आत हे काम उरकता येते. त्याच पेटीला लागोपाठ दुसऱ्यांदा पाक देऊ नये. ॲसिडयुक्त पाक माश्यांच्या पोटात जातो आणि वारंवार दिल्यास त्यांचेच आयुष्य घटते.

चोवीस दिवस अंडी नाहीत म्हणजे वसाहत खचेल, ही भीती मलाही होती. परंतु जुलैअखेर सुटलेल्या राणीच्या अंड्यांतून ऑगस्टच्या मध्यानंतर माश्या बाहेर पडतात, सप्टेंबरच्या पूर्वार्धात त्या बाहेरच्या कामाला लागतात, आणि कारळ-सूर्यफूल फुलण्याच्या सुमारास पेटीत कोळी न लागलेल्या, धडधाकट पंखांच्या माश्यांची फौज असते. या काळात साखरेचा पाक मात्र हात आखडून देऊ नये आणि लूटमार टाळण्यासाठी पेटीचे दार बोटभर रुंदीचे ठेवावे.

दुबळ्या, चार-पाच चौकटींच्या पेट्यांना राणी कोंडण्याचा ताण सोसत नाही. त्यांच्यासाठी जुलै-ऑगस्टमध्येच फॉर्मिक ॲसिड वापरावे. आपल्याकडे पूर्ण भरलेल्या पेटीसाठी रूढ असलेली शिफारस अशी की, ८५ टक्के तीव्रतेचे ५ मिलिलिटर ॲसिड कापसाची वात घातलेल्या छोट्या कुपीत घेऊन ती तळाच्या फळीवर ठेवावी, रोज सायंकाळी भरावी आणि हे १५ दिवस अखंड चालू ठेवावे. लहान वसाहतीसाठी मी मात्रा निम्म्यावर आणतो. दार पूर्ण उघडे असावे. पहिल्या दिवशी माश्या दारापाशी लोंबकळल्या तर घाबरू नये. दुसऱ्या दिवशीही तसेच दिसले तर मात्रा कमी करावी. पंधरा दिवस हा आकडा उगीच ठरलेला नाही: आज बंद झालेले घर बारा दिवसांनी उघडते, आणि तेव्हाही पेटीत वाफ असायला हवी.

दोन्ही ॲसिडे हाताळताना जाड रबरी हातमोजे, डोळ्यांना गॉगल आणि पूर्ण बाह्यांचे कपडे असल्याशिवाय बाटलीचे बूच उघडू नये. फॉर्मिक ॲसिड कातडी भाजते आणि त्याची वाफ छातीत गेल्यास श्वास कोंडतो, म्हणून वारा येतो त्या दिशेकडे पाठ करून काम करावे, जवळ पाण्याची भरलेली बादली ठेवावी आणि विरल करायचे झाल्यास नेहमी पाण्यात ॲसिड ओतावे, ॲसिडमध्ये पाणी नव्हे. बाटली घरातील मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.

फेब्रुवारी ते मे या काळात, जेव्हा औषध देता येत नाही, तेव्हा नराच्या घरांचा सापळा लावता येतो. पिलावा कोठीत मधकोठीची आखूड चौकट लावली की माश्या तिच्या खालच्या मोकळ्या जागेत नराची घरे बांधतात आणि व्हरोआ तिकडे धाव घेतो. ही घरे बंद झाल्यावर तो तुकडा कापून काढावा. कोंबड्या तो आनंदाने खातात. तारीख पेटीच्या झाकणावर खडूने लिहून ठेवावी, कारण तुकडा काढायचा विसरला आणि नर बाहेर पडले, तर आपणच कोळ्यांची पैदास केली असे होते.

सातेरीच्या पेट्या आणि घरगुती उपाय

मुळशी, मावळ आणि महाबळेश्वरच्या पट्ट्यात सातेरी, म्हणजे आपली देशी माशी, पाळणाऱ्यांनी वरील कार्यक्रम जसाच्या तसा उचलू नये. व्हरोआ आणि सातेरी यांची जुनी ओळख आहे. सातेरी माश्या एकमेकींच्या अंगावरील कोळी वेचून काढतात, कोळी लागलेला कामकरी पिलावा बाहेर फेकतात, आणि कोळ्याची वाढ मुख्यतः नराच्या घरांपुरतीच मर्यादित राहते. सातेरीत अळ्या मोठ्या प्रमाणावर मरत असतील तर आधी थैली रोगाचा विचार करावा: मेलेली अळी चिमट्याने उचलल्यावर पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी अखंड बाहेर येते. शिवाय उग्र वासाने सातेरी पेटी सोडून निघून जाते, त्यामुळे तिच्यावर ॲसिडचे प्रयोग करणे म्हणजे वसाहत गमावण्याची तयारी ठेवणे होय.

ओव्याचा धूर, कापूर, कडुनिंबाचे तेल यांविषयी मला नेहमी विचारले जाते. ओव्यात थायमॉल असते आणि योग्य मात्रेतील थायमॉल कोळ्यावर उपयोगी पडते, ही गोष्ट खरी आहे. परंतु धुरातून किंवा काढ्यातून किती थायमॉल पेटीत गेले हे कोणालाच सांगता येत नाही. मी दोन पेट्यांवर ओव्याचा धूर देऊन आधी-नंतर मोजणी केली आणि आकड्यांत धरण्याजोगा फरक आढळला नाही. चौकटींच्या वरच्या पट्ट्यांवर गंधकाची पूड, चौकटीमागे २०० मिलिग्रॅम, आठ-दहा दिवसांच्या अंतराने टाकण्याची पद्धत ट्रोपिलिलॅप्ससाठी रूढ आहे. चिमटीच्या अंदाजाने जास्त टाकल्यास पिलावा मरतो, म्हणून वजन करूनच टाकावी.

पिकांवर फवारायची कोळीनाशके पेटीत टाकणे मात्र पूर्ण वर्ज्य मानावे. ती मेणात मुरतात, वर्षानुवर्षे पोळ्यात राहतात, मधात उतरतात, आणि अपुऱ्या मात्रेत सतत राहिल्याने कोळी त्यांना दाद देईनासा होतो. फ्लुव्हॅलिनेट या कोळीनाशकाच्या पट्ट्यांबाबत अनेक देशांत हेच घडले आहे. पट्ट्या वापरायच्याच असतील तर मुदत संपताच काढाव्यात. पेटीत विसरलेली जुनी पट्टी हा कोळ्याला औषध पचवायला शिकवण्याचा मार्ग आहे.

उपचारानंतरची मोजणी

उपचार संपल्यावर दहा-बारा दिवसांनी त्याच पेटीची त्याच पद्धतीने पुन्हा मोजणी करावी. शंभर माश्यांमागे एकापेक्षा कमी कोळी असतील तरच उपचार लागू पडला असे समजावे. ही दुसरी मोजणी जवळजवळ कोणीच करत नाही. आकडा खाली आला नसेल तर पुढील प्रश्न क्रमाने स्वतःला विचारावेत: मुदत पूर्ण झाली होती का, तापमान योग्य होते का, त्या दिवशी पेटीत बंद पिलावा होता का, आणि शेजारच्या सर्व पेट्यांना त्याच वेळी उपचार झाले होते का. माझ्या अनुभवात या चारांपैकी एक उत्तर ‘नाही’ असे येतेच, आणि औषध बदलण्याची वेळ क्वचितच येते.

ही मोजणी समाधानकारक आल्यावर ऑक्टोबरअखेरीस मधकोठी चढवण्यापूर्वी एकदा, जानेवारीत एकदा आणि मधकाढणीनंतर लगेच एकदा मोजावे. मागील वर्षी माझ्या २२ पेट्यांपैकी १९ पेट्या जानेवारीपर्यंत शंभरामागे दोनच्या आत राहिल्या. ज्या तीन पेट्यांत आकडा पुन्हा चढला, त्यांपैकी दोन बांधाच्या टोकाला होत्या आणि तेथे भरकटलेल्या माश्या अधिक येतात. त्या मी आता तोंडे वेगवेगळ्या दिशांना करून विरळ मांडल्या आहेत. तिसरी, अकरा क्रमांकाची पेटी सलग तीन हंगाम सर्वांत आधी कोळ्याने भरते. तिच्या राणीच्या वंशात माश्यांची स्वच्छतेची सवय कमी आहे असे मला वाटते, म्हणून या ऑगस्टमध्ये ती राणी काढून, जिच्यात कोळी सातत्याने कमी निघतो त्या चार क्रमांकाच्या पेटीच्या अळ्यांपासून वाढवलेली राणी तेथे देणार आहे.